ओलं लाकूड

शहर पडलं तेव्हा मिस्त्रींच्या कारखान्यात बरेच लाकडी पाय अर्धवट होते. कुणाची खोबण कोरून झाली होती, कुणाला फक्त पट्टे लावायचे राहिले होते. ज्यांच्यासाठी ते करायला घेतले होते ते सैनिक माघार घेणाऱ्या फौजेबरोबर निघून गेले, कुबड्यांवर, गाड्यांवर, एकमेकांच्या खांद्यांवर. पाय मागे भिंतीला टेकून राहिले. पुढे जिंकणाऱ्यांनी इस्पितळ ताब्यात घेतलं आणि तिथून निरोप आला, की आमच्याही माणसांना पाय लागणार आहेत. मिस्त्री हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. चष्मा पुसला, भिंतीजवळचा पहिला पाय उचलला, आणि तो कुणाच्या मापाला बसवता येईल ते बघायला लागले.

त्या दिवसापासून त्यांची बायको त्यांच्याशी बोलेनाशी झाली.

त्यांचा एकुलता एक मुलगा नदीवरच्या पुलापाशी झालेल्या लढाईत गेला होता, याच जिंकणाऱ्या फौजेच्या तोफांनी. आता त्याची बायको, मिस्त्रींची सून, कारखान्यात त्याच्या जागेवर बसायची. कापलेल्या पायाच्या खुंटाचं प्लॅस्टरमध्ये माप घ्यायचं, चामडं कापायचं, खोबणीला आतून मऊ अस्तर लावायचं, ही कामं तिची. लाकूड मिस्त्रींचं. कारखाना खाली आणि घर वर, त्यामुळे भांडण असो वा अबोला, सगळं एका जिन्यावरून चढायचं-उतरायचं.

"तुझ्या सासऱ्यांना सांग, जेवण गार होतंय," सासूबाई जिन्यातून म्हणायच्या.

"ते समोरच बसलेत, आई. तुम्हीच सांगा ना."

"मी नाही ओळखत त्यांना."

मग मिस्त्री हात धुऊन वर जायचे आणि खाली मान घालून जेवायचे. एकदाच त्यांनी तोंड उघडलं. "इस्पितळातून माणूस येतो तेव्हा त्याला पाय नसतो, एवढंच मला दिसतं," ते सुनेकडे बघून म्हणाले. "पायाला कुठे झेंडा असतो?"

"पायाला नसेल," सासूबाईही सुनेकडेच बघत म्हणाल्या, "पायाच्या मालकाला असतो. माझ्या पोराला मारलं त्यांनी, आणि हे त्यांना चालायला शिकवतायत. सांग त्यांना."

सून दोघांच्या मध्ये बसून भाकरीचा तुकडा मोडत राहिली. दोघांचंही तिला पटत होतं. पण बाजू घ्यायलाही अंगात जोर लागतो, आणि तो तिच्यात उरला नव्हता. नवरा गेल्याची बातमी आली त्या आठवड्यात ती रडली, मग शहराला वेढा पडला, मग पाणी भरायच्या रांगा, मग हे. दुःख करायचं राहूनच गेलं होतं, आणि आता करायला बसावं तर झोप यायची.

मिस्त्रींनी आजवर तीन राजवटींच्या माणसांना पाय केले होते. नगरभवनावरचा झेंडा बदलायचा, नाण्यावरचं डोकं बदलायचं, रस्त्यांची नावं बदलायची. इस्पितळातून येणारी माणसं मात्र तशीच असायची, पिवळी पडलेली, गेलेल्या पायाची बोटं खाजतात म्हणून तक्रार करणारी. मिस्त्रींचा एकच हट्ट होता. लाकूड पुरतं मुरल्याशिवाय त्याला पटाशी लावायची नाही. मागच्या पडवीत फळ्या रचलेल्या असायच्या, आणि कुणी कितीही घाई केली तरी ते म्हणायचे, "ओल्या लाकडाचा पाय म्हणजे फसवणूक. आज उभा करील, उद्या पाडील." तोफखान्याच्या जुन्या सेनापतीलाही त्यांनी असंच थांबवलं होतं, असं शहरात सांगत.

थंडी संपता संपता एक कप्तान कारखान्यात आला. बूट चकचकीत, हातमोजे पांढरे. त्याच्यामागून इस्पितळाचा लष्करी डॉक्टर आला. हा डॉक्टर सुनेच्या ओळखीचा होता. डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली, कुठेही टेकला की डुलकी लागायची.

"सम्राट स्वतः येतायत," कप्तान म्हणाला. "विजयाचं संचलन होणार आहे. तुम्ही ज्यांना पाय करताय ती सगळी माणसं त्यात चालतील. कुबड्या नकोत, काठ्या नकोत. आपल्या पायांनी चालतील."

"लाकडाच्या," मिस्त्री म्हणाले.

कप्तानाला विनोद कळला नाही, की कळूनही त्यानं कानाडोळा केला. "जे चालतील त्यांना पहिल्या गाडीनं घरी पाठवू. माझा शब्द आहे. हे त्यांना सांगा, म्हणजे तेही मन लावून शिकतील."

डॉक्टर खिडकीला टेकून बाहेर बघत होता. "काहींच्या जखमा अजून भरायच्यात," तो म्हणाला.

"मग भरा," कप्तान म्हणाला आणि निघून गेला.

घरी जायला मिळणार ही बातमी इस्पितळात पोचायला वेळ लागला नाही. ज्यांना आजवर पाय नकोसा वाटत होता तेही आता कारखान्याच्या बाकावर येऊन बसू लागले. त्यांच्यात एक खेचरवाला होता. फौजेत तो खेचरं हाकायचा. चाळिशीचा, अंगानं आडवा, आवाज मोठा. गुडघ्याखाली पाय गेला होता, आणि खुंट अजून लाल होता, एका बाजूनं ओलसर.

सुनेनं पट्टी सोडली, बघितलं आणि परत बांधली. "अजून नाही. सूज उतरली पाहिजे. आता माप घेतलं तर पुढच्या महिन्यात पाय सैल होईल, आणि त्याआधी कातडी फाटेल ती वेगळीच."

"फाटू दे, बाई. शिवता येते."

"दुखेल."

"माझ्या खेचराचा पाय मोडला तेव्हा त्याला गोळी घातली," खेचरवाला म्हणाला. "मला नाही घातली. तेव्हापासून मी दुखण्याची तक्रार करायचं सोडलंय. तुम्ही माप घ्या."

तिनं घेतलं नाही. तो दुसऱ्या दिवशी परत आला. तिसऱ्याही दिवशी. आपली बायको एकटी शेत रेटतेय, धाकटी मुलगी आपण निघालो तेव्हा रांगत होती, आता बोलत असेल आणि बाप म्हणजे काय ते तिला ठाऊकही नसेल, असं तो बाकावरच्या सगळ्यांना सांगत बसायचा. ऐकून ऐकून सुनेच्या डोक्यात तिडीक गेली. एका दुपारी तिनं हातातलं चामडं खाली ठेवलं.

"तुमच्या घरी कुणी वाट तरी बघतंय," ती म्हणाली. "माझा नवरा तुमच्याच तोफांनी गेला. पुलापाशी. मला नका सांगू हे सगळं."

 मिस्त्रींचा रंधा थांबला. खेचरवाल्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पुलावरच्या तोफा," तो म्हणाला, आणि आता त्याचा आवाज मोठा नव्हता. "पुलासमोरच्या टेकडीवर मीच चढवल्या होत्या. म्हणजे माझ्या खेचरांनी. दोन दिवस चिखलातून ओढल्या." त्यानं तिच्याकडे बघितलं. "खोटं बोलता आलं असतं. पण तुम्ही विचारलं असतंत कधीतरी."

तिनं विचारलं नसतं. तिच्या मनातही आलं नव्हतं. ती उठून मागच्या पडवीत गेली आणि फळ्यांच्या ढिगाशी उभी राहिली. आपल्याला संताप यायला हवा, असं तिला वाटलं, म्हणून ती त्याची वाट बघत राहिली. आला तो नुसता थकवा. तोफ ओढणारा हा, डागणारा दुसरा, हुकूम देणारा तिसरा, आणि तिसऱ्याला हुकूम देणारा आता संचलन बघायला येणार. कुणाकुणावर दात खाणार?

ती आत आली तेव्हा खेचरवाला कुबड्या काखेत घेऊन निघायच्या बेतात होता.

"बसा," ती म्हणाली. "माप घेते."

"नको, ताई. राहू दे."

"बसा म्हटलं ना. प्लॅस्टर कालवलं की थांबत नाही."

पाय तयार झाला. मिस्त्रींनी सगळ्यात हलकी फळी त्याच्यासाठी काढली. सुनेनं अस्तर दुहेरी लावलं. पहिल्यांदा उभा राहिला तेव्हा त्याच्या कपाळावर घाम फुटला आणि तोंडातून एक शिवी निघाली, ती त्यानं लगेच गिळली. मग तो बाकापासून दारापर्यंत गेला आणि दारापासून बाकापर्यंत आला. संचलनाच्या दिवसापर्यंत तो हे रोज करत राहिला.

संचलन बघायला शहरातल्या प्रत्येक घरातून माणूस यावाच लागेल, असं फर्मान होतं. सासूबाईंनी खिडक्या लावून घेतल्या आणि आपलं डोकं दुखतंय असं भिंतीला सांगितलं. सून आणि मिस्त्री गेले. चौकात मंडप उभारला होता, त्यात सम्राट बसला होता. लांबून तो एखाद्या सर्दी झालेल्या म्हाताऱ्यासारखा दिसत होता. सारखा रुमाल नाकाला लावायचा. आधी घोडदळ गेलं, मग पायदळ, मग तोफा. आणि सगळ्यांच्या शेवटी मिस्त्रींचे पाय आले.

सून चेहऱ्यांकडे बघतच नव्हती. ती पावलं बघत होती. तो उंच पोरगा पाय बाहेरून फिरवून टाकतो, त्याचा सांधा जरा घट्ट झाला होता. तो मिशीवाला चांगला चालतोय. खेचरवाला मधल्या ओळीत होता, पांढराफटक, ओठ आवळलेले. मंडपापाशी आल्यावर त्यानं सगळ्यांबरोबर मान वळवली. पडला नाही. एकही पडला नाही. मिस्त्रींनी तिचा हात घट्ट धरला होता. अभिमान होता की आणखी काही, ते तिला कळलं नाही.

मग सम्राट उठला आणि बोलला. आवाज फारसा पोचत नव्हता, म्हणून एक अधिकारी कर्ण्यातून तेच पुन्हा ओरडून सांगत होता. या शूरांकडे बघा, तो म्हणाला. पाय गेला तरी ज्यांचं पाऊल थांबत नाही, अशांचं हे राज्य आहे. पूर्वेच्या डोंगरांपलीकडे आपली वाट बघणारे प्रांत आहेत, आणि उन्हाळ्याच्या आत आपण तिथे असू.

टाळ्या वाजवायच्या होत्या, त्या वाजल्या.

पहिली गाडी सुटली, पण त्यातून गेले ते दारूगोळ्याचे पेटारे. दोन दिवसांनी खेचरवाला कारखान्यात आला, पाय पट्ट्यानं खांद्याला अडकवून, कुबड्यांवर. अस्तर रक्तानं कडक झालं होतं. तो नेहमीच्या बाकावर बसला. सुनेनं गरम पाण्यात कापड बुडवून खुंट पुसायला घेतला तेव्हा त्यानं तोंड उघडलं.

"आम्ही ठीक आहोत म्हणे. सम्राटांसमोर चाललो, म्हणजे ठीक. डोंगरातल्या चौक्यांवर पाठवतायत. पहाऱ्याला. तिथली धडधाकट माणसं पुढे लढाईला जातील आणि त्यांच्या जागी आम्ही."

"पण शब्द दिला होता ना?"

"दिला होता. युद्ध संपलं तर घरी, असं होतं म्हणे त्यात. आता युद्ध संपलेलं नाही." तो हसला. "मी खेचरांना असंच करायचो, ताई. काठीला गवताची पेंढी बांधून पुढे धरायची. चढ संपला की पेंढी परत गाडीत."

"डॉक्टरांना सांगा. ही जखम बघून ते..."

"डॉक्टर काय करणार? कप्तानानं सांगितलंय, पाय आहे तोवर माणूस ठीक. उद्या तपासणी आहे, नावापुरती. मिस्त्रींनी यायचं, पाय मजबूत आहेत म्हणून सांगायचं, की झालं."

मिस्त्री लाकूड तासत होते. त्यांनी मान वर केली नाही. "पाय मजबूतच आहेत," ते म्हणाले.

"आहेत," खेचरवाला म्हणाला. "तीच तर पंचाईत झाली."

त्या संध्याकाळी मिस्त्री जेवले नाहीत. पडवीत जाऊन फळ्यांवर हात फिरवत बसले. सून त्यांना बोलवायला गेली तेव्हा म्हणाले, "माझ्या वडिलांनी मला एकच गोष्ट शिकवली, सूनबाई, लाकूड मुरू द्यायचं. बाकी सगळं मी बघून बघून शिकलो." आणि ते पुन्हा फळ्यांवर हात फिरवू लागले.

तपासणी इस्पितळाच्या लांब खोलीत होती. माणसं पाय लावून भिंतीशी उभी होती. खेचरवाल्याला दोघांनी धरलं होतं. कप्तान टेबलाशी, शेजारी डॉक्टर, आणि समोर मिस्त्री, हातात टोपी. सून दाराशी थांबली.

"पाय तुमच्या कारखान्यातले?" कप्तानानं विचारलं.

"माझेच."

"डोंगरात टिकतील?"

"नाही," मिस्त्री म्हणाले.

कप्तानानं मान वर केली. "काय?"

"लाकूड ओलं होतं, साहेब. तुमची घाई होती. मुरलेलं लाकूड संपलं होतं, म्हणून मी ओलं वापरलं आणि वरून रोगण दिलं. संचलनापुरते चालले. आता उन्हानं तडकतील. डोंगरात तर आठवडाभरही टिकायचे नाहीत. सगळेच्या सगळे. एकही धड नाही."

सुनेला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. हा माणूस, ज्यानं तिच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा फळ्यांवर पाऊस पडेल म्हणून अर्ध्यातून उठून ताडपत्री टाकली होती, तो टोपी चुरगाळत सगळ्यांसमोर सांगत होता, की मी फसवलं. भिंतीशी उभी असलेली माणसं मिस्त्रींकडे बघत होती. काहींना अजून कळलं नव्हतं, आणि त्यांच्या तोंडावर नुसता राग होता.

कप्तान उठला आणि त्यानं मिस्त्रींच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून पलंगाखाली गेला.

"बघा हो," तो डॉक्टरला ओरडून म्हणाला.

डॉक्टर सावकाश उठला. सगळ्यात जवळच्या माणसाचा पाय त्यानं सोडवून घेतला, नखानं खरवडला, बोटाच्या पेरानं टकटक केली. कोरड्या लाकडाचा तो खणखणीत आवाज खोलीभर ऐकू गेला.  डॉक्टरनं परत एकदा टकटक केली, जणू नीट ऐकू आलं नव्हतं. त्यानं मिस्त्रींकडे बघितलं. मग पाय टेबलावर ठेवला.

"ओलं आहे," तो म्हणाला. "निकामी. यांच्यापैकी कुणालाही मी चौकीवर पाठवू शकत नाही."

शिपायांनी मिस्त्रींना तिथूनच नेलं. पाय काढून घेतले आणि इस्पितळाच्या अंगणात ढीग करून पेटवले. सुनेला वाटलं होतं तसेच ते जळाले, भराभर, अजिबात धूर न करता. ओलं लाकूड कसं जळतं हे चूल पेटवणारं कुणीही सांगेल. पण डॉक्टर आगीजवळ खुर्ची टाकून बसला होता, सगळं राख होईपर्यंत, आणि त्याच्या खुर्चीला वळसा घालून पुढे यायची कुणाला हिंमत झाली नाही.

तिनं घरी येऊन सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या लसूण सोलत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी सुरी खाली ठेवली.

"सगळ्यांसमोर म्हणाले? लाकूड ओलं होतं म्हणून?"

"हो."

"त्यांच्या तोंडून?"

"हो, आई."

सासूबाई उठल्या, शाल घेतली, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा जिना उतरून रस्त्यावर गेल्या. तुरुंगाच्या फाटकाशी एक दगडी ओटा होता, त्यावर जाऊन बसल्या. शिपायानं हटकलं तर म्हणाल्या, "माझा नवरा आत आहे. तुझी आई बसली असती तर हाकललं असतंस का?" त्या रोज जायच्या, कोट आणि जेवण घेऊन. जेवण आत जायचं की शिपाईच खायचे, कळायला मार्ग नव्हता.

लंगडी माणसं घरी गेली. चौकीला निरुपयोगी, इस्पितळाला अडगळ, म्हणून एका मालगाडीत त्यांना बसवून दिलं. सून स्टेशनावर गेली होती. खेचरवाला डब्याच्या दारात बसला होता, पँटचा पाय वर दुमडून टाचणी लावलेला.

"चांगला पाय होता," तो म्हणाला.

"जखम भरली की तिकडे कुणाकडून तरी करून घ्या. माप मी डॉक्टरांकरवी तुमच्या कागदांत घातलंय, पण ते बदलेल. नवं घ्यायला सांगा."

"तुमच्या नवऱ्याचं..." त्यानं सुरुवात केली.

"राहू दे," ती म्हणाली. "मुलीला सांभाळा."

आणखीही काही बोलावं असं दोघांनाही वाटत होतं. पण गाडी हलली.

मिस्त्रींना सोडलं तेव्हा झाडांना पालवी फुटली होती. दाढी पांढरी झाली होती आणि उजव्या कानानं ऐकू येत नव्हतं. कारखान्याला टाळं, हत्यारं जप्त, आणि शहरात त्यांना पुन्हा हे काम करायची मनाई. रस्त्यात लोक त्यांच्याकडे बघून कुजबुजले. एक ओळखीचा सुतार तोंडावर म्हणाला, "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." मिस्त्रींनी मान डोलावली. त्याला काय सांगणार?

घरी सासूबाईंनी पाणी तापवलं, त्यांना मोरीशी स्टुलावर बसवलं आणि डोक्यावर तांब्या ओतला.

"डोळे मिटा," त्या म्हणाल्या. "साबण जाईल."

"काय?"

"डोळे मिटा म्हणतेय. बहिरेपणही तिथूनच घेऊन आलात की काय?"

सून स्वयंपाकघरात उभी राहून ऐकत होती. तिचे डोळे भरून आले, आणि मग थांबेचनात. ती तिथेच भिंतीला टेकून खाली बसली आणि राहून गेलेलं सगळं रडली, आवाज न करता, पदर तोंडात धरून. बाहेर दोघं साबणावरून भांडत होती.

उन्हाळ्याआधीच पूर्वेकडून गाड्या यायला लागल्या. डोंगरातली लढाई सुरू झाली होती. एका सकाळी डॉक्टर दाराशी आला आणि आत न येता उंबऱ्यापाशीच टेकला. कप्तान बदलून गेला होता, म्हणाला. कारखान्याचं टाळं काढायला मी सांगू शकतो, पण परवाना सूनबाईंच्या नावानं लागेल. इस्पितळात जागा नाही, माणसं व्हरांड्यात झोपतायत.

"लाकूड नाही," सून म्हणाली. "पडवीतलं सगळं शिपायांनी सरपणाला नेलं. नवं आणलं तरी मुरायला वर्ष जाईल."

"माहीत आहे."

"माझ्याशिवाय दुसरं कुणीच नाही का?"

 तिला वाटलं डॉक्टर विचार करतोय, पण त्याला डुलकी लागली होती, डोकं चौकटीला टेकलेलं, तोंड किंचित उघडं. वरून सासूबाईंनी वाकून बघितलं.

"कोण आहे गं?"

"डॉक्टर आहेत, आई."

"झोपलाय?"

"हो."

"झोपू दे मग," सासूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

सून त्याच्याजवळच पायरीवर बसली. लाकडाच्या वखारी नदीपलीकडे होत्या. जाऊन बघायला हवं होतं कुणाकडे काही शिल्लक आहे का, आणि त्यासाठी आत्ताच निघायला हवं होतं. तो जागा झाला की निघू, असं ठरवून ती तिथेच बसली.